इंजिनला हवा किती लागते ते आधी मोजा, मग फिल्टर घ्या

रिबोअर झालेलं, हेड पोर्ट केलेलं इंजिन गाडीत बसलं की पुढचा प्रश्न लगेच येतो. मूळ एअर बॉक्स ठेवायचा, की तो काढून कार्ब्युरेटरला थेट कोन फिल्टर लावायचा? बरेच जण उत्तर आधी ठरवतात आणि कारण नंतर शोधतात. कोन फिल्टर दिसायला देखणा असतो. रेस दिल्यावर त्यातून जो भरदार आवाज येतो, त्यानं गाडी जास्त ओढते असं वाटतं. पण आवाज हा ताकदीचा पुरावा नाही. कोपर, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्यानं इनटेक निवडताना तीन गोष्टी पाहायला हव्यात : आपलं इंजिन किती हवा मागतं, त्याला मिळणारी हवा किती गरम आहे आणि त्या हवेत किती धूळ आहे. या तिन्हींचा अंदाज घरच्या घरी घेता येतो.

पहिली गोष्ट साध्या गुणाकाराची. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. २००९ ते २०२० या काळातल्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चं (तिला इथे बुलेटच म्हणू) इंजिन ३४६ सीसीचं, आणि त्याची सर्वाधिक ताकद ५,२५० आरपीएमला. म्हणजे मिनिटाला २,६२५ वेळा ३४६ सीसी, साधारण ९०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, त्यामुळे याहून थोडी कमीच. आता यामाहा आरएक्स १०० घ्या. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला हवा घेतं आणि ताकद ७,५०० आरपीएमला देतं. गुणाकार केला की ७३५ लिटर येतात. एवढीशी आरएक्स बुलेटच्या जवळपास पोहोचते, हे आकडा मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. चाकणच्या कारखान्यात बनलेली ३७३ सीसीची केटीएम ड्यूक ३९० नऊ हजारांवर १,६८० लिटर मागते.

मग मॉडिफिकेशननं हा आकडा किती वाढतो? बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. अर्ध्या मिलिमीटरनं बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर इंजिन ३५१ सीसीचं होतं. वाढ ५ सीसीची, दीड टक्क्याहूनही कमी. एवढ्यासाठी इनटेक बदलण्याचं काहीही कारण नाही. पोर्टिंग, मोठा व्हॉल्व्ह, वेगळा कॅम यांनी मागणी खरोखर वाढते, कारण त्यांच्यामुळे इंजिन वरच्या आरपीएमला जास्त भरायला लागतं. तुमच्या इंजिनमध्ये नक्की काय झालंय ते मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्या. ‘इंजिन बनवलंय’ एवढ्या माहितीवर फिल्टर निवडता येत नाही.

फिल्टरचं माप ठरवायला के अँड एन या अमेरिकन कंपनीचं एक जुनं सूत्र चालतं. आपल्या मापात आणलं तर ते असं होतं : सीसी गुणिले आरपीएम, भागिले ५३,०००, उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये. यात घड्या उलगडून मोजायच्या नाहीत, फिल्टरचा बाहेरचा पृष्ठभाग धरायचा. बुलेटला ३४ येतात, ड्यूकला ६३, आणि आरएक्सला टू-स्ट्रोक म्हणून दुप्पट करून २८. मात्र एक सिलिंडरचं इंजिन हवा सलग ओढत नाही. व्हॉल्व्ह उघडा असतो तो पूर्ण चक्राच्या साधारण एक तृतीयांश वेळ, म्हणून त्या क्षणाचा ओढा सरासरीच्या तिप्पट असतो. तेव्हा उत्तराला तीननं गुणा, आणि आपल्याकडची धूळ लक्षात घेऊन त्याच्याही दुप्पट घ्या. तरी बुलेटला २०० चौरस सेंटिमीटर पुरतात. दहा सेंटिमीटर उंच आणि साडेसात सेंटिमीटर सरासरी व्यासाचा साधा कोन फिल्टर २३५ देतो. मूळ एअर बॉक्समधला फिल्टर या हिशेबात कितपत बसतो, ते त्याच्यावर पट्टी ठेवून पाहा. फिल्टर लहान म्हणून इंजिन गुदमरतंय, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते.

संपली नाही, तर मोजायचा रस्ता आहे. पाच-सहा मिलिमीटरची पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा आणि एक टोक फिल्टर व कार्ब्युरेटर यांच्यामधल्या जागेत, एअर बॉक्सला बारीक छिद्र पाडून बसवा. नळीत मध्ये इंजेक्शनच्या सुईसारखी अरुंद वाट ठेवली की पाण्याची थरथर थांबते. नळीचे दोन्ही हात लांब ठेवा, म्हणजे पाणी इंजिनकडे ओढलं जाणार नाही. हे डायनोवर करा. मीटर बघत रस्त्यावर पूर्ण रेस देणं जिवावर बेतेल. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक आला तर त्याचा अर्थ हवेच्या दाबात साधारण १ टक्का घट, म्हणजे हवाही तेवढीच कमी. फरक पाच-दहा सेंटिमीटरच असेल तर जगातला सर्वांत मोकळा फिल्टर लावूनही तुम्हाला एका टक्क्याच्या वर काही मिळणार नाही. ३० च्या पुढे असेल तर आधी फिल्टर साफ करून पुन्हा मोजा. तरीही ३० राहिला, तर मात्र इनटेक खरोखर कमी पडतोय.

आता उष्णता. माझ्या मते आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि बोललं सर्वांत कमी जातं. हवा तापली की विरळ होते. बाहेर ३५ अंश असताना इंजिन ६० अंशांची हवा घेत असेल, तर तेवढ्याच लिटरमध्ये साडेसात टक्के ऑक्सिजन कमी येतो. मूळ एअर बॉक्सचं तोंड बहुतेक गाड्यांत सीटखाली किंवा टाकीच्या मागे, इंजिनच्या गरम झोतापासून बाजूला काढलेलं असतं. कोन फिल्टर मात्र सिलिंडर हेडच्या मागे उघडाच बसतो आणि हेडवरून आलेली तापलेली हवा पितो. मोकळ्या रस्त्यावर वारा लागून हा फरक कमी होतो, हे खरं. पण आपण दिवसाचा किती वेळ मोकळ्या रस्त्यावर असतो? कोपर पुलावर संध्याकाळी सात वाजता, किंवा शिळफाट्याच्या रांगेत क्लच दाबून सरकताना हेडमागे काय तापमान आहे ते बघा. मत्स्यालयासाठी मिळतो तसला वायर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याचं टोक फिल्टरच्या तोंडाजवळ चिकटवा आणि डिस्प्ले टाकीवर ठेवा. ऑफिसला जाऊन-येऊन दोन-तीन दिवस सिग्नलला थांबल्यावर आकडे बघितलेत की पुढचा वाद उरत नाही. मोकळ्या फिल्टरनं मिळणारा एक टक्का आणि गरम हवेत जाणारे सात टक्के, हा व्यवहार तोट्याचा आहे.

एअर बॉक्स म्हणजे फिल्टर ठेवायचा प्लास्टिकचा डबा, हा गैरसमजही दूर करायला हवा. त्याचं आकारमान, तोंडाच्या नळीचा व्यास आणि लांबी हिशेबानं ठरवलेली असते. सिलिंडर हवा ओढतो तेव्हा डब्यात साठलेली शांत हवा हाताशी असते, आणि व्हॉल्व्ह बंद असताना डबा पुन्हा भरतो. हे किती मोलाचं आहे ते फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत दिसतं. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी छोट्या रेसिंग कार बनवतात, आणि आपल्या देशात त्यांतल्या कितीतरी गाड्यांना ड्यूक ३९० चं इंजिन असतं. नियम असा की इंजिनची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच गोल भोकातून गेली पाहिजे. या भोकातून हवा आवाजाच्या वेगाला पोहोचली की त्याहून जास्त जातच नाही. ती मर्यादा सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम. ड्यूकची नऊ हजारांवरची सरासरी गरज ३३ ग्रॅमच आहे. वाटतं की भोक पुरेल. पण ओढा एक तृतीयांश वेळेतच होतो, म्हणजे त्या क्षणी १०० ग्रॅम लागतात, आणि भोक कमी पडतं. म्हणून विद्यार्थी भोक आणि इंजिन यांच्यामध्ये मोठं पोकळ भांडं बसवतात. ते भांडं उरलेल्या दोन तृतीयांश वेळात भरतं. ते भांडं गाळणीनंतर, इंजिनच्या तोंडाशी असतं, आणि तुमच्या गाडीतल्या एअर बॉक्सची गाळणीनंतरची पोकळी अगदी तेच काम करते. त्यात इंजिनिअरांचे महिने गेलेले असतात. हॅक्सॉ घेऊन त्याला भोकं पाडण्याआधी हे लक्षात ठेवा. इनटेकचं तोंड गोलाकार, तुतारीसारखं असावं, त्याची धार उघडी राहू नये, हा त्यातलाच भाग. धारदार तोंडाशी हवा वळताना तुटते, आणि स्वस्त कोन फिल्टर थेट कार्बच्या तोंडावर चढवला की नेमकी तीच धार उरते.

धुळीकडे येऊ या. डोंबिवलीतले खोदलेले रस्ते, काँक्रिटीकरण, कल्याण-शीळ रस्त्यावरचे डंपर आणि मेट्रो १२ चं काम, एमआयडीसीकडची वाहतूक, खाडीकडच्या गावांतली भरावाची माती. या धुळीत वाळूचा अंश असतो, आणि सिलिकाचा कण पिस्टन रिंग व सिलिंडरची भिंत यांच्या मधे अडकला की पॉलिश कागदासारखा घासत राहतो. सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, तर नुकसान करणारे कण ५ ते २० मायक्रॉनचे. फिल्टर उजेडात धरून आरपार दिसत असेल तर तो हे कण अडवत नाही, एवढी खूण पुरेशी आहे. नुसत्या स्टीलच्या जाळीचे फिल्टर म्हणून आपल्याकडे वापरूच नयेत. नव्यानं बोअर केलेल्या इंजिनवर तर नाहीच, कारण त्याच्या रिंग अजून बसायच्या असतात.

कागदी फिल्टर बारीक धूळ उत्तम अडवतो. तो वेळेवर बदलायचा, धुवायचा नाही. हवा मारायचीच तर आतून बाहेर आणि हलक्या दाबानं. त्याचं दुखणं पावसाळ्याचं : भिजला की फुगतो, हवा अडवतो आणि फाटूही शकतो. तेल लावलेला सुती फिल्टर पुन्हा पुन्हा वापरता येतो, हवा जरा मोकळी सोडतो, पण त्याचं काम तेलावर चालतं. धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा, तेल घड्यांच्या माथ्यावरून बारीक धारेनं सोडायचं आणि वीस मिनिटं मुरू द्यायचं. जास्त तेल लावलं तर हवा अडते, कमी लावलं तर धूळ आत जाते. फोमचा फिल्टर धूळ जाडीभर धरून ठेवतो, म्हणून भरपूर धुळीतही तो लवकर चोंदत नाही. मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांना तो लावतात यामागे हेच कारण. कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू-मुरगळू नका, दाबून पाणी काढा, आणि पूर्ण वाळल्यावर तेल सगळीकडे पोहोचेल असं मळा. पेट्रोलमध्ये धुतलात तर फोम लवकरच चुरा होऊन इंजिनमध्ये जाईल, शिवाय आगीचा धोका. आपल्या धुळीत कंपनीनं सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर फिल्टर उघडून बघण्याची सवय ठेवा.

इनटेक बदलला आणि हवा खरंच वाढली, तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढलं पाहिजे. पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात. पूर्ण ताकदीला मिश्रण याहून दाट, १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे ई२० चं गणित साधारण १३.५ वर येतं. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आधीच थोडी लीन, म्हणजे विरळ मिश्रणावर, चालते आहे, आणि त्यात मोकळा फिल्टर पडला की आणखी लीन होते. कार्बमधून शिंकल्यासारखा आवाज, रेस सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट, प्लगचं पांढरं पडलेलं टोक, उन्हाळ्यात मेलेला पिकअप ही त्याची लक्षणं. फोर-स्ट्रोक हे काही काळ सोसतं. टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे तापलेला पिस्टन, आणि तापलेला पिस्टन चालत्या गाडीत जाम होतो. आरएक्सवाल्यांनी ही गोष्ट हलक्यानं घेऊ नये.

जेटिंगला क्रम आहे. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर मेन जेटचा अंमल, पाव ते पाऊण सुईचा, त्याखाली पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. आधी मेन जेट, एका वेळी एकच पायरी, मग सुईची खाच, शेवटी पायलट. उलट क्रमानं गेलात तर आठवडा जातो आणि हाती काही येत नाही. माळशेजला चढलात की सातशे मीटर उंचीवर हवा साधारण ७ टक्के विरळ असते, तिथे मिश्रण आपोआप दाट होतं आणि गाडी जरा जड वाटते. त्यावरून जेट लहान करू नका, खाली कल्याणला उतरल्यावर ते लीन पडेल.

जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या क्लासिक ३५० आणि पल्सर २२० यांसारख्या गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा सीव्ही कार्ब असतो. त्याची स्लाइड केबलनं उचलली जात नाही, ती आतल्या आणि बाहेरच्या दाबाच्या फरकावर वर जाते. या कार्बच्या तोंडाशी बारीक छिद्रं असतात, आणि कोन फिल्टरच्या रबराची आतली कड बरोबर त्यांच्यावर बसते. छिद्रं बुजली की स्लाइड अर्ध्यावर अडखळते, मधल्या आरपीएमला खड्डा पडतो आणि कितीही जेट बदलले तरी जात नाही. वाऱ्याचा झोत आला की ही गडबड वाढते. सीव्ही कार्बच्या गाडीचा एअर बॉक्स काढू नये, असं मी म्हणेन ते याच कारणासाठी.

फ्यूएल इंजेक्शनवाल्यांची समजूत वेगळी असते : ईसीयू सगळं सांभाळून घेईल. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस६ गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो, पण तो हळू रेसवर, ठरावीक मर्यादेतच दुरुस्ती करतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू आपल्या आतल्या तक्त्यावर चालतो, आणि त्या तक्त्याला तुमचा फिल्टर माहीत नसतो. नुसता फिल्टर बदलून एअर बॉक्स ठेवलात तर बहुधा काही करावं लागत नाही. बॉक्स काढलात, कॅम बदललात, तर डायनोवर वाइडबँड सेन्सर लावून मॅप बनवून घ्या. त्याचा खर्च आधी धरा, तो फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

पावसाचं एकच सांगतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचतं. बुलेटचं कॉम्प्रेशन ८.५ ला १, म्हणजे पिस्टन वर आल्यावर ज्वलनकक्षात उरणारी जागा अवघी ४६ सीसी. कटिंगच्या ग्लासातही याहून जास्त चहा मावतो. तेवढं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन पुढे सरकत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर बॉक्सचं तोंड उंचावर असतं, मूळ डब्याला खाली पाणी काढायची नळी असते. कोन फिल्टर असतो चाकाच्या शिंतोड्यांच्या वाटेत. पाण्यात गाडी बंद पडली तर बटण दाबत बसू नका. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, किकनं पाणी बाहेर येऊ द्या.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या आरसीतल्या नोंदींविरुद्ध बदलांना मनाई करतं, आणि इंजिनची घनक्षमता ही त्यांतली एक नोंद. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुरासाठी कलम १९० वेगळं आहे. एमएच ०५ ची गाडी रस्त्यावर वापरायची असेल तर मूळ एअर बॉक्स शाबूत ठेवा. ट्रॅकसाठी वेगळं इनटेक बनवायचं असेल तर ते नट-बोल्टनं काढता-घालता येईल असं बनवा. मूळ डबा कापून टाकलात की परतीची वाट बंद.

आता गाडीनुसार. बुलेट-क्लासिकला रिबोअर, हलकं पोर्टिंग असेल तर मूळ बॉक्स आणि त्यात नवा, चांगल्या प्रतीचा फिल्टर. बस्स. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, म्हणजे तिच्या कार्ब आणि सिलिंडरमधलं रबर बदललेलं नसेल तर किमान तितकं जुनं. फिल्टरच्या आधी ते बदला, नाहीतर भेगेतून आत जाणारी न गाळलेली हवा तुमचं सगळं जेटिंग खोटं ठरवेल. गाडी चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी सोडा, आवाज बदलला तर गळती आहे. आरएक्सला मूळ डबा आणि तेल लावलेला फोम हेच ठेवा. ड्यूकला रस्त्यासाठी बॉक्समध्येच बसणारा सुती फिल्टर घ्या. पूर्ण ट्रॅकची गाडी असेल तरच मोठी पोकळी, गोल तोंड आणि मॅपिंग हे तिन्ही एकत्र करा, त्यांतलं एकटं काही करू नका. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून फिल्टर आणलात तर दुकानातच त्याची शिवण, घड्यांमधलं अंतर आणि बुडाचं रबर बोटानं दाबून बघा. घड्या एकमेकींना चिकटल्या असतील किंवा रबर सुटत असेल तर परत द्या.

फिल्टर बसवल्यावर त्याच्यापुढच्या नळीत, आतल्या भिंतीला बोटानं ग्रीसचा पातळ थर लावा. पाचशे किलोमीटर नेहमीच्या रस्त्यानं चालवा, मग नळी काढून पांढऱ्या फडक्यानं तो थर पुसा. ग्रीस स्वच्छ असेल तर निवड आणि बसवणी दोन्ही बरोबर. बोटाला खरखर लागली तर आधी क्लॅम्प आणि फिल्टरची कड तपासा, घट्ट करून पुन्हा ग्रीस लावा. दुसऱ्यांदाही खरखर आली तर तो फिल्टर काढून मूळ फिल्टर परत बसवा.